तीन इंच एक सूत

पंचायत समितीच्या आवारात लिंबाखाली उभी असलेली जुनी जीप ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचं कपाळ आठवत असेल. बॉनेट उंच, दिवे खाली, आणि मधे पत्र्याची रिकामी उंची. युद्धाच्या सिनेमातली जीप अशी दिसत नाही. तिचं बॉनेट बसकं, जवळजवळ काचेखाली दबलेलं. हा फरक कुणा चित्रकाराच्या लहरीतून आलेला नाही. इंजिनात व्हॉल्व्हची जागा बदलली, इंजिन उंच झालं आणि त्यावर बॉनेट बसेना, म्हणून पत्रा उचलला. आपल्याकडच्या जीपचा चेहरा तिच्या इंजिनाने घडवला, आणि ते इंजिन जीपपेक्षा वयाने मोठं.

त्याचा जन्म १९२६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातला. विलिस-ओव्हरलँड कंपनीने त्या वर्षी ‘व्हिपेट’ नावाची स्वस्त, छोटी मोटार काढली. चार सिलिंडर, बोअर ३ १/८ इंच, स्ट्रोक ४ ३/८ इंच. आपल्या लेथवाल्याच्या भाषेत तीन इंच एक सूत आणि चार इंच तीन सूत. एकूण १३४ घनइंच, म्हणजे सुमारे २२०० सीसी. ताकद जेमतेम तीस अश्वशक्तीची. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बगलेला, ब्लॉकमध्येच बसवलेले; हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. बनवायला सोपं, उघडायला सोपं, पण श्वासाला जड. आत येणाऱ्या मिश्रणाला बगलेतून वर चढून, वळसा घेऊन मग पिस्टनवर उतरावं लागतं. चाळीच्या जिन्यातून कपाट वर नेण्यासारखाच तो प्रकार.

१९३३ मध्ये कंपनी कर्जात बुडाली आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली. त्याच साली आलेल्या ‘विलिस ७७’ या मोटारीत हेच इंजिन होतं, मिनिटाला ३२०० फेऱ्यांवर ४८ अश्वशक्ती देणारं. त्यापुढे रेटलं की बेअरिंग जात. नवं इंजिन काढायला पैसा नव्हता. १९३८ मध्ये डेल्मर रूस हा इंजिनिअर कंपनीत आला. त्याला सगळे बार्नी म्हणत. स्टुडबेकरमध्ये नाव कमावून, इंग्लंडमध्ये रूट्सच्या कारखान्यात काम करून तो आला होता. त्याच्या पुढ्यात हे म्हातारं इंजिन ठेवलं गेलं. जीपच्या इतिहासात लढाया, सेनापती आणि ‘जीप’ या शब्दाच्या व्युत्पत्तीचे वाद यांवर पानंच्या पानं खर्ची पडतात. मला विचाराल तर खरी गोष्ट या टेबलावर घडली.

रूसने बोअर वाढवला नाही, स्ट्रोकही नाही. त्याने फेऱ्या वाढवायचं ठरवलं. ऐकायला हे सोपं वाटतं. पण पिस्टन दर फेरीत दोनदा थांबतो आणि दोनदा उलटा फिरतो, आणि त्या ओढाताणीचा भार फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ३२०० वरून ४००० वर गेलं की फेऱ्या सव्वापट होतात, भार दीडपटीहून जास्त. क्रँकला आधार तीनच बेअरिंगचा. म्हणून पिस्टन हलके हवेत, ॲल्युमिनियमचे. बेअरिंग आणि व्हॉल्व्हचा धातू चिवट हवा. भागाभागांतली फट कमी आणि सगळीकडे सारखी हवी, तेल आणि पाणी नेमकं पोचायला हवं. कॉम्प्रेशन त्या काळच्या पेट्रोलला झेपेल इतकंच वर नेलं. लष्करी जीपमध्ये ते साडेसहाला एक इतकं होतं. यातली एकही गोष्ट नवा शोध नव्हती. सगळ्या मिळून त्याच मापाच्या इंजिनातून ४००० फेऱ्यांवर साठ अश्वशक्ती निघाली. त्याला नाव मिळालं ‘गो डेव्हिल’.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली. पहिला नमुना बॅन्टम या छोट्या कंपनीचा. कार्ल प्रॉब्स्टने आखलेला हा नमुना २३ सप्टेंबरला मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला पोचला. त्यात कॉन्टिनेंटल कंपनीचं ४५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. फोर्डने आपल्या ट्रॅक्टरचंच इंजिन किंचित बदलून घातलं. तेही ४५ च्या आसपासचं. विलिसकडे साठ. चिखलात आणि चढावर हे पंधरा घोडे चालवणाऱ्याला लगेच कळत. अडचण एकच होती, विलिसची गाडी जड होती. लष्कराची मर्यादा २१६० पौंड, गाडी २४०० च्या वर. हलकं इंजिन घातलं असतं तर प्रश्न मिटला असता. रूसने इंजिनाला हात लावू दिला नाही. त्याऐवजी गाडीचा भाग न्‌ भाग सोडवून तोलला, बोल्टांची वाढीव टोकं कापली, पत्रा पातळ केला, रंगाचे दोन हात देण्याऐवजी एकच दिला. गाडी काट्याखाली बसली, तीही जेमतेम.

पुढे विलिसचा कारखाना पुरेना, तेव्हा लष्कराने फोर्डलाही तीच गाडी करायला लावली, विलिसच्याच इंजिनासह. जगात मोटारींची फौज उभी करणाऱ्या फोर्डला आपलं इंजिन बाजूला ठेवून शेजाऱ्याचं ओतावं लागलं. आपल्या बोल्टांवर एफ हे अक्षर कोरून त्यांनी तेवढी हौस भागवली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा केल्या.

त्याच काळात कैलासचंद्र महिंद्रा इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तिथे त्यांची बार्नी रूसशी गाठ पडली, असं महिंद्रांच्या कंपनीचा इतिहास सांगतो. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, १९४८ मध्ये नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं, आणि मुंबईत माझगावला खोक्यांतून आलेल्या सुट्या भागांच्या विलिस जीपा जोडल्या जाऊ लागल्या.

इकडे टोलेडोत इंजिनाच्या श्वासाचा प्रश्न अजून शिल्लक होता. १९५० मध्ये इनटेक व्हॉल्व्ह बगलेतून काढून वर हेडमध्ये नेले आणि एक्झॉस्ट खालीच ठेवले. कपाट निदान आत येताना तरी जिन्यातून न येता गच्चीवरून दोराने खाली सोडल्यासारखं झालं. शिवाय वरच्या व्हॉल्व्हला हवं तेवढं मोठं होता येतं. अर्धं इंजिन जुनं, अर्धं नवं, म्हणून हसू नये. त्या वर्षांतल्या रोल्स-रॉइसच्या इंजिनांतही हीच रचना होती. नाव पडलं ‘हरिकेन’. बोअर तोच, स्ट्रोक तोच, ताकद पंच्याहत्तरच्या घरात. हेड उंच झालं आणि १९५३ च्या सीजे-३बी या मॉडेलला ते उंच कपाळ आलं. अमेरिकेत हे रूप कुणाला फारसं आवडलं नाही. आपल्याकडे महिंद्रांनी तेच धरून ठेवलं, आणि दोन पिढ्यांना जीप म्हणजे तीच.

हरिकेनला संपवलं ते पेट्रोलच्या भावाने. सत्तरीच्या दशकात जीपमध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसलं. मग महिंद्रांनी फ्रान्सच्या प्यूजोशी करार केला आणि कसारा घाट चढून आल्यावर लागणाऱ्या इगतपुरीत एक्सडीपी ४.९० हे इंजिन बनू लागलं. नावातच माप आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. स्ट्रोक ८३ मिलिमीटर, म्हणजे जुन्या हरिकेनच्या १११ पुढे फारच आखूड. ताकद साठीच्या आसपास, पण ती मिळवायला इंजिन फिरवावं लागे. घाटात ‘हिला पिकअप नाही’ ही तक्रार त्यातूनच.

हौशी लोकांचा मोर्चा पुढे जिप्सीकडे वळला. १९८५ मध्ये ती आली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ मध्ये १३०० चं, आणि २००० च्या सुमारास सोळा व्हॉल्व्ह आणि फ्युएल इंजेक्शन घेऊन ८० अश्वशक्ती. तरीही पोट भरत नाही म्हणून जुन्या बलेनोचं सोळाशेचं इंजिन तिच्यात उतरवणारे पुष्कळ. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली. बोअर ७४ चा ७५ होतो, स्ट्रोक साडेपंच्याहत्तरवरून थेट ९० वर जातो, म्हणजे वाढलेली बहुतेक खेच लांब स्ट्रोकची. आरटीओच्या परवानगीविना असं इंजिन बदलणं कायद्यात बसत नाही, हे बहुतेकांना काम झाल्यावर आठवतं.

जुन्या हरिकेनवाल्याला इतकी मजल मारता येत नाही. त्याच्या हातात रूसचेच उपाय उरतात. व्हॉल्व्ह घासून सीटवर नीट बसवायचे, हेड थोडं प्लेन करून कॉम्प्रेशन वाढवायचं, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड तराजूत घालून चारही एका वजनाचे करायचे. हे शेवटचं काम गिऱ्हाईक सांगत नाही आणि मिस्तरी आपणहून करत नाही. मात्र इंजिन शांत आणि मोकळं फिरतं ते याच कामाने. ब्लॉक झिजला की बोअर करतात, दहा साइज, वीस, तीस, थेट साठ थाऊपर्यंत, म्हणजे इंचाच्या साठ हजारांशांपर्यंत. त्यापुढे भिंत पातळ होते, इंजिन तापतं, आणि वाढलेल्या सीसीचा फायदा रेडिएटरमधून वाफ होऊन जातो.

मग बोअर आणखी मोठा करून त्यात स्लीव्ह ठोकतात आणि स्लीव्ह आतून कापतात. लेथवाला मायक्रोमीटर लावतो, वहीत आकडा लिहितो. तीन इंच एक सूत.