करोनाकाळातील वृद्धांचे एकाकीपण : नांदेड व लातूर

करोनाच्या साथीत (२०२०-२१) नांदेड व लातूर जिल्ह्यांतील साठी ओलांडलेल्या माणसांची तुटलेली संगत आणि त्यातून आलेले एकलेपण. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागू झाली, तेव्हा पुण्या-मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेली मुले-सुना गावी परतली. अनेक घरे उलट भरली. तरीही ‘करमंना झालंय’ ही तक्रार म्हाताऱ्यांचीच. त्यांचा गोतावळा होता पारावर, मारुतीच्या देवळातल्या हरिपाठाला, आठवडी बाजारात. पासष्टीपुढच्यांनी घरातच राहावे, ही केंद्राची सूचना आली आणि तो एका दिवसात तुटला. पारावर हातोहात फिरणारी तंबाखूची चंची संशयाची वस्तू ठरली. घरातली तरुण मंडळी मोबाइलमध्ये होती, हेही नोंदवायला हवे.

आषाढीला (१ जुलै २०२०) पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. टाळेबंदीत बंद झालेली देवळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. टाळेबंदी लागताच नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेले पंजाबचे सुमारे ४ हजार यात्रेकरू महिनाभर अडकले. त्यांच्यात वयस्कही होते. लंगरने जेवण दिले, पण घर शेकडो कोस दूर. एप्रिल २०२० अखेर त्यांच्यासाठी बसगाड्या आल्या.

सर्वांत जिव्हारी लागले ते मरण. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा, दहावा-तेरावा घरच्या घरी. एरवी दुःखाच्या घरी पै-पाहुणे दिवसचे दिवस भेटायला येतात, माहेरची माणसे गळ्यात पडून रडू देतात. नवरा गेलेल्या म्हातारीला हा आधार फोनवर मिळण्यासारखा नव्हता. एसटीची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली, तोवर लेकीच्या गावाची वाटही बंद होती.

साठीपुढच्यांचे लसीकरण १ मार्च २०२१ पासून सुरू झाले. पुढे मुले शहरांकडे परतली आणि घरे पुन्हा रिकामी झाली. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदत क्रमांक आहे; परंतु फोनवर परक्याशी मन मोकळे करण्याची या पिढीला सवय नाही. त्यापेक्षा २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला, हा उपाय अधिक उपयोगाचा म्हणावा लागेल.