गाडी पळते हो, पण रात्री लावायची कुठं?

मी साताऱ्याचा, मामेभाऊ सांगलीचा. दोघांनी एकाच दिवाळीत इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, त्याही एकाच मॉडेलच्या. माझं मस्त चाललंय. तो मात्र गाडी विकायला निघालाय. असं का, हे समजायला जरा मागं जावं लागेल.

ऑगस्ट १८८८. जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्यानं बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बसवून माहेरी निघाली. अंतर शंभरेक किलोमीटर, म्हणजे सातारा-सांगलीपेक्षा थोडं कमीच. पेट्रोल पंप तेव्हा नव्हतेच. वाटेत इंधन घेतलं ते चक्क औषधाच्या दुकानातून! म्हणजे 'भरायचं कुठं' हा प्रश्न पेट्रोललाही सुटला नव्हता.

१९०० साली अमेरिकेत बनलेल्या मोटारींमध्ये विजेवरच्या गाड्या पेट्रोलवाल्यांपेक्षा जास्त होत्या. तरी पुढं त्या मागं पडल्या. बॅटरी जड, पल्ला कमी. त्यात १९१२ ला कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडल मारायची कटकट गेली. शिवाय शहराबाहेर वीजच नव्हती. पेट्रोल डब्यातून कुठंही नेता येतं, विजेला तार लागते.

ती तार आपल्याकडं आली. १९६२ ला कोयनेची वीज सुरू झाली. त्यासाठी पाटण-जावळीतली गावं पाण्याखाली गेली आणि तिथली माणसं पुनर्वसनासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडत राहिली. नंतर तारा शिवारात पोचल्या त्या विहिरीवरच्या मोटारीसाठी. रात्री लाइट आली की विजेरी घेऊन मोटार चालू करायला जाणारा शेतकरी आपण सगळ्यांनी पाहिलाय. लाइटच्या वेळेप्रमाणं काम लावायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता हिशोब बघा. माझं घर स्वतःचं, अंगणात १५ अँपिअरचा पॉइंट. तासाला साधारण तीन युनिट जातात. रोजच्या चाळीस किलोमीटरला पाच-सहा युनिट, म्हणजे दोन तास. मी झोपेत असतानाच काम होतं.

भाऊ फ्लॅटमध्ये. पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायला सोसायटी 'नाही' म्हणते. मग रोज ऑफिस सुटल्यावर चार्जिंग स्टेशन गाठायचं, तिथं रांग, कधी मशीनच बंद. वैतागणार नाही तर काय?

सोसायटीची भीतीही खोटी नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीतली कितीतरी पार्किंग पाण्यात होती. पण त्याला उपाय आहे. पॉइंट पूररेषेच्या वर घ्या, वेगळा मीटर आणि चांगला ब्रेकर बसवा, पाणी चढायला लागलं की लाइन बंद करा. खर्च गाडीवाल्यानं करावा, सोसायटीनं परवानगी द्यावी.

महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग असावं, असं केंद्राचं २०१८ चं धोरण सांगत होतं. चांगलंच आहे. पण पुण्याला आपण महिन्यातून एकदा जातो. घरी रोज येतो. म्हणून महापालिकेनं आणि नगरपालिकेनं नव्या इमारतीला परवानगी देतानाच प्रत्येक पार्किंगपर्यंत वायरिंग मागावं. नाहीतर ही गाडी फक्त अंगणवाल्यांची राहील.

तुमच्या सोसायटीत परवानगी मिळाली का? कशी मिळवली, तेवढं खाली लिहा. भावाला दाखवतो.