मूळ की अस्सल? एका बेंटलीचा खटला आणि जुन्या मोटारींचे लिलाव

१/१०
जुन्या मोटारीची किंमत नेमकी कशाची असते? लोखंडाची, इंजिनाची की तिच्या इतिहासाची? १९९० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयासमोर हा प्रश्न आला होता. आज ऑनलाइन लिलावात जुनी मोटार विकत घेणाऱ्या प्रत्येकासमोर तो पुन्हा उभा राहतो. त्याविषयी हा थ्रेड.

२/१०
वादातील मोटार होती बेंटली कंपनीची ‘स्पीड सिक्स’, टोपणनाव ‘ओल्ड नंबर वन’. फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी सलग दोनदा जिंकली. दोन्ही वेळा चालकांच्या जोडीत वुल्फ बार्नाटो होता. तोच त्या काळी बेंटली कंपनीचा अध्यक्षही होता.

३/१०
शर्यतीची मोटार जपून ठेवण्यासाठी बांधलेली नसते. तिचे भाग झिजतात आणि बदलले जातात. १९३२ साली हिच्यात ८ लीटरचे इंजिन आले. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या कडेवरून कोसळली आणि चालक क्लाइव्ह डन्फी मृत्युमुखी पडला. पुढे नवी बॉडी चढवून तिची पुनर्बांधणी करण्यात आली.

४/१०
१९९० मध्ये ती सुमारे १ कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. पण ही ‘ती’ मोटार नव्हेच, असे म्हणत खरेदीदार कंपनीने माघार घेतली. तपासणीत दिसले की १९२९ च्या विजेत्या मोटारीचे जवळजवळ काहीच उरलेले नाही. १९३० च्या मोटारीचेही पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेच भाग टिकले असावेत.

५/१०
तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यांच्या निकालाचा आशय असा : ही मोटार ‘मूळ’ स्थितीतील नाही, परंतु ती ‘अस्सल’ आहे. ती कधी मोडीत निघून नव्याने जन्मलेली नाही. तिच्यात झालेला प्रत्येक बदल तिच्या अखंड जीवनक्रमाचाच भाग आहे.

६/१०
इतिहासाच्या अभ्यासकाला हा युक्तिवाद परका नाही. बखरीचे मूळ हस्तलिखित अनेकदा हाती नसते. उरतात त्या नकलांच्या नकला. मग प्रत कोणी केली, कोणत्या दप्तरात होती, तेथून कोठे गेली, ही साखळी जुळवून आपण तिची विश्वसनीयता ठरवतो. मोटारीच्या बाबतीत हेच काम चासीचा क्रमांक, नोंदणीपुस्तिका, दुरुस्तीची बिले आणि जुनी छायाचित्रे करतात.

७/१०
ऑनलाइन लिलावाने या कागदांचे मोल आणखी वाढवले. ईबे १९९५ साली सुरू झाले. २००७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ब्रिंग अ ट्रेलर’ने २०१४ पासून स्वतःचे लिलाव घेतले. लिलावगृहात ग्राहक बॉनेट उघडून पाहू शकतो. हजारो मैलांवरून बोली लावणाऱ्यापुढे मात्र बहुधा छायाचित्रे आणि कागदपत्रेच असतात.

८/१०
घड्याळाचा नियमही किमतीच्या खेळात उतरतो. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी संपतो. त्यामुळे अखेरच्या काही सेकंदांत बोली टाकण्याची युक्ती रूढ झाली. अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘ब्रिंग अ ट्रेलर’वर शेवटच्या २ मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा २ मिनिटांवर जाते. प्रतिस्पर्ध्याला उत्तर देण्यास अवसर मिळतो.

९/१०
तरी लिलावातील किंमत म्हणजे त्या मोटारीचे अंतिम मूल्य नव्हे. हरलेला बोलीदार कोठे थांबला, एवढेच ती सांगते. कारण विजेत्याला त्याच्यापेक्षा फक्त एक पायरी वर जावे लागते. म्हणून एकच आकडा प्रमाण मानू नये. तशाच मोटारींचे अनेक लिलाव, त्यांची स्थिती आणि काळ पडताळून पाहावा. पूर्ण झालेले लिलाव खुले राहत असल्याने या बाजाराचे एक दप्तरच आपोआप तयार होत आहे.

१०/१०
शेवटी भारताकडे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ मालिकेतील नोंदणीक्रमांक मिळू शकतो. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे. चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. या कसोटीवर ‘ओल्ड नंबर वन’ बहुधा नापास ठरली असती! आपला नियम ‘मूळ’ काय ते विचारतो, त्या न्यायमूर्तींनी ‘अस्सल’ काय ते विचारले. दोन्ही प्रश्नांचे उत्तर अखेर कागदांतूनच शोधावे लागते. तेव्हा आजोबांची फियाट किंवा अ‍ॅम्बॅसॅडर विकायची वेळ आली, तर जुन्या बिलांची फाइल रद्दीत घालू नका. गंजलेला पत्रा पुन्हा घडवता येतो. हरवलेला पुरावा घडवला, तर ती बनावटगिरी ठरते.