रब्बीच्या सहीविना

जुन्या ज्यू धर्मग्रंथाच्या कोऱ्या पानावर एखाद्या नामवंत रब्बीची सही किंवा समासात त्याच्या हातची टीप आढळली, की त्या प्रतीचे मोल वाढते. कोकणातील बेने इस्रायलांना मात्र स्वतःचे रब्बी नव्हते. हिब्रू शिकवण्यास कोचीनचे शिक्षक आले. पुढे 1832 साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले ते जॉन विल्सन या ख्रिस्ती मिशनऱ्याने!

तरीही त्यांचे ग्रंथ मुके नाहीत. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हगादा 1846 साली मुंबईत व 1874 साली पुण्यात, हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतरासह, शिळाछापावर निघाली. पुण्याच्या आवृत्तीतील चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. आम्हांला तर ते चित्र समासातील टिपेसारखेच वाटते; फक्त तिच्याखाली सही नाही.

ही उणीव पुढे महाग पडली. 1960 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत इस्रायलमधील काही रब्बींनी बेने इस्रायलांचे विवाह लावण्यास हरकत घेऊन पूर्वजांविषयी चौकशी आरंभली. आंदोलनानंतर, 1964 साली, हा समाज सर्वार्थाने ज्यू मानला गेला. पुण्याच्या हगादेला तेव्हा नव्वद वर्षे झाली होती.