जात्यापाशी मोकळं झालेलं मन

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात संगीताची चर्चा चालू असताना मध्येच महाराष्ट्रातल्या बायका येतात. कांडण करताना त्या ओवी गातात, अशी नोंद तिथे आहे. ग्रंथ ११२९च्या सुमाराचा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीचा. बायकांचं हे गाणं तेव्हाच राजदरबाराच्या कानी गेलेलं होतं.

ते ज्या घरांत गायलं जाई, तिथे मात्र ते मुद्दाम ऐकायला कुणी बसत नसे. घर निजलेलं असताना, कोंबडा आरवायच्या आधी बाई दळायला बसे. एक पाय लांब, एक मुडपलेला. एका हाताने खुंटा धरून फिरवायचा, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठमूठ वैरण घालायची. वैरण म्हणजे ज्वारी, बाजरी, मावळात नाचणी. दळण जास्त असलं की समोर जाऊ नाहीतर नणंद बसे आणि खुंट्यावर दोघींचे हात पडत. जात्याच्या घरघरीत शब्द निम्मेअर्धे बुडून जात. ते बुडणं सोयीचंच होतं, कारण सासू पलीकडेच झोपलेली असे.

जुन्या काळी दहा-बारा वर्षांची पोर सासरी येई. पोटात काय कालवतंय, हे तिचं तिलाच उमगत नसे. माहेरची ओढ, अपमान, भीती, राग, की नुसता थकवा? विचारणारं कुणी नव्हतं. कुणी विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं, आणि सांगितलं असतं तर उलट बोल लागला असता. जात्यावर बसण्याच्या रीतीचं मोठेपण इथे आहे. तुला काय होतंय, असं ती रीत बाईला कधी विचारत नव्हती. ती फक्त सुरुवात करून देई. ओव्या मोजत म्हणायच्या: पहिली देवाला, मग पुढच्या आईबापाला, भावाला, लेकराला. क्रम ठरलेला, चाल ठरलेली, हात फिरता. पाच-सहा ओव्या होईतो मनातलं आपोआप वर येई आणि भावाच्या किंवा आईच्या नावाने बाहेर पडे.

ऐकणारा कोण, तर जातंच. कित्येक ओव्यांत जात्याला देव मानलंय, डोंगरातून आलेला ऋषी मानलंय. या ऋषीला बाई जे सांगे, ते नवऱ्याला किंवा आईलाही सांगितलेलं नसे. सीतेचाही मोठा आधार. तिच्यावर रचलेल्या ओव्या अगणित आहेत, आणि त्यांतलं रामायण पोथीपेक्षा निराळं वाटतं. तिथली सीता राणी कमी आणि सासुरवाशीण जास्त आहे. ‘मी’ म्हणायची चोरी असलेल्या बाईला ‘सीता’ म्हणता येत होतं. तिचा वनवास गाताना स्वतःचं घर कुठे सुरू झालं, हे शेजारी बसलेल्या जावेला कळे, पण ते बोट दाखवून सांगायची गरज पडत नसे.

नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईसोबत विठ्ठल दळू लागला, ही कथा महाराष्ट्राने इतकी प्रेमाने का जपली, तेही यातून समजतं. पंढरपूरजवळ गोपाळपुरात आजही जनाबाईचं जातं दाखवतात. अक्षरओळख नसलेल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरींनीही जातं आणि शेत यांच्या संगतीतच गाणी रचली. त्या १९५१मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपात आली.

अशी दाद फार थोड्यांच्या वाट्याला आली. म्हणून पुण्याच्या हेमा राइरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांचं काम फार मोलाचं वाटतं. मुळशी-मावळच्या डोंगरी भागातल्या गरीब बायकांबरोबर काम करताना दोघांना ओव्यांचं बळ जाणवलं. पुढे दोघांनी आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणारीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. त्यात विठ्ठल आहे, पाऊस आहे, आणि बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. ज्या बायकांच्या अपमानाला गावात दाद नव्हती, त्यांचा ताठ अभिमान तिथे ऐकू येतो.

तोवर गावोगाव वीज पोचून पिठाच्या गिरण्या आल्या होत्या. दोन-तीन तासांचं दळण काही मिनिटांवर आलं. याबद्दल हळहळायचं काही कारण नाही. खांदे आणि कंबर मोडणाऱ्या त्या कष्टातून सुटका झाली, हे चांगलंच झालं. पण ज्या वेळेत बाई कुणाची परवानगी न घेता मन मोकळं करत होती, तो वेळही त्या दळणाबरोबर गेला. गिरणीत डबा ठेवून ती घरी परतली की पुढचं काम तयारच असे. पहाटेच्या त्या गाण्याला घरात दुसरी जागा कुणी करून दिली नाही. हळदीच्या दिवशी जातं पूजतात, सुवासिनी खुंटा धरतात, पण तिथे मंगल ओव्याच शोभतात.

राइरकर-पॉइतवाँ यांचा हा संग्रह २०१७पासून ‘परी’ या संकेतस्थळावर ध्वनी, शब्द आणि अर्थासह येऊ लागला. ओव्यांची विषयवार वर्गवारी केलेली आहे: रामायण, माहेर, भाऊ, सासर, पंढरी. वर्गवारी हवीच, त्याशिवाय लाखभर ओव्यांत वाट सापडणार नाही. तरी सलग ऐकत गेलं की सीतेची ओवी सासरच्या खणात शिरते, पंढरीची ओवी आईकडे वळते, आणि भावाला घातलेली हाक नेमकी कशासाठी आहे, हे दळणारीने शेवटपर्यंत सांगितलेलं नसतं.