‘द्या’मधला मान इंग्रजीत कुठे ठेवायचा?

कोणाशी कसं बोलावं, हे शिकवणं आपल्याकडे नवं नाही. कोणाला ‘राजश्री’ लिहायचं, कोणाला ‘तीर्थरूप’, कोणाला ‘चिरंजीव’, हे जुन्या कारकुनाला शिकावंच लागे. मेस्तकांत लेखनाचे असे नियम असत. अक्षर आणि रीत बरोबरच यायची.

इंग्रजी शिकताना ही जोडी तुटली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या पिढ्या शिकल्या. वाक्य इंग्रजीत नेता येऊ लागलं, पण ते साहेबाला म्हणायचं की मित्राला, हे भाषांतरातून कळत नसे. अर्जाची रीत तेवढी पाठ झाली: ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’. वाकून लिहिणं आलं, बरोबरीने बोलणं राहून गेलं.

आता मुळशीकडे बघू. 1921 साली रामनवमीला इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला; पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. समोर 1894 चा भूसंपादन कायदा होता, तो इंग्रजीत. लोकांची घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. आज त्याच तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे. तिथे नोकरी मागायला जाणाऱ्या इथल्या मुलांना इंग्रजीतच बोलावं लागतं.

आणि अडचण इथेच येते. मराठीत ‘पाणी द्या’ म्हटलं की मान क्रियापदातच असतो. त्याचं ‘गिव्ह मी वॉटर’ केलं की व्याकरण शाबूत राहतं, मान सांडतो. इंग्रजीत ‘तू’ला आणि ‘तुम्ही’ला एकच ‘यू’. मग मान जातो ‘कुड यू’मध्ये, ‘वुड यू माइंड’मध्ये. जेनी थॉमस या भाषाअभ्यासिकेने 1983 साली हेच दाखवलं: व्याकरण चुकलं तर ऐकणारा समजतो की भाषा कच्ची आहे, रीत चुकली तर तो माणसालाच उर्मट ठरवतो.

पण थॉमस यांचं म्हणणं नुसतं गोड बोलायला शिकवा, असं नाही. कसं बोलायचं ते शिकणाऱ्याने ठरवावं; शिक्षकाने त्याला परिणाम कळेल एवढं ज्ञान द्यावं. मुळशीच्या इतिहासात हे महत्त्वाचं. विनंती जशी शिकवायची, तसा ठाम नकारही शिकवायला हवा. नाहीतर आपण पुन्हा अर्जाचीच इंग्रजी शिकवू.

2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. वर्गात एवढंच करून बघा: एकच वही आईकडे, गुरुजींकडे आणि सरपंचांकडे मागायला सांगा, आधी मराठीत. मूल ‘दे ना’, ‘द्या’, ‘मिळेल का’ असं आपसूक बदलतं. रीत त्याला आधीच येते. इंग्रजीत ती कुठे ठेवायची, तेवढं आपण दाखवायचं.