भिवंडीच्या मोहल्ला समित्या व त्यांचीं साधनें

कल्याण-भिवंडी हें जोडनांव शिवकालाच्या अभ्यासकांस नवें नाहीं. इ. स. १६५७ मध्यें श्रीशिवछत्रपतींनीं हीं दोन्ही ठाणीं आदिलशाहीकडून घेतलीं आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ ह्याच खाडीच्या आश्रयानें झाला. भिवंडीस पूर्वीं इस्लामाबाद असेंही म्हणत. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या काळचा नसून अवघ्या तीन तपांपूर्वीचा आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस तो संशोधनाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु कागद जुने होण्याची वाट पाहत बसल्यास ते उरत नाहींत, हा अनुभव दप्तरें धुंडाळणाऱ्या प्रत्येकास आहे.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्या गांवावर दोन मोठे घाले आले. ता. ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीचें निमित्त होऊन दंगा पेटला व दुसऱ्या दिवशीं त्याचे लोण जळगांवास पोंचलें. सरकारनें नेमलेल्या न्या. मादन आयोगानें भिवंडी, जळगांव व महाड येथील प्रकारांची चौकशी करून जो विस्तृत अहवाल सादर केला, त्यांत भिवंडी शहरांतील मृतांची संख्या ७८ दिली आहे. पुढें मे १९८४ मध्यें पुन्हां तोच प्रकार होऊन तो ठाणें, कल्याण व मुंबईपर्यंत पसरला आणि शेंकडों माणसें दगावलीं. उत्तर हिंदुस्थानांतून आलेले मोमीन व तेलंगणांतून आलेले पद्मशाली हे दोघेही विणकरच, आणि दोघांचेंही पोट एकाच पेठेवर. दंग्यांत माग बंद पडले म्हणजे नुकसान कोणा एका जमातीचें राहत नसे.

अशा प्रसंगानंतर सरकारी मदत येते. ही रीत जुनीच. पेशवे दप्तरांत दुष्काळानंतरच्या तगाईचे व सारासुटीचे उल्लेख विपुल आहेत. आपत्ति येऊन गेल्यावर काय द्यावें, हें प्रत्येक राजवटीस कळतें. ती येऊं नये म्हणून केलेला खर्च कोणत्या सदरीं लिहावा, हें मात्र कारकुनास कधींच उमगलेलें दिसत नाहीं.

इ. स. १९८८ मध्यें श्री. सुरेश खोपडे हे भिवंडीस पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या तत्पूर्वीही होत्या. परंतु त्यांत पुढाऱ्यांचाच भरणा असे आणि दंगा दाराशीं आल्यावरच त्यांची आठवण होई. खोपडे यांनीं क्रम उलटा केला. मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून हिंदु व मुसलमान सामान्य रहिवाशांच्या सुमारें ७० समित्या उभ्या केल्या आणि त्यांचा भार ठाण्यांतील अधिकाऱ्यावर न टाकतां त्या भागाची गस्त पाहणाऱ्या शिपायावर टाकला. शांततेच्या काळींच बैठका घ्यावयाच्या आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील किरकोळ तंटे तेथल्या तेथें मिटवावयाचे, असा परिपाठ ठेविला. विषय क्षुल्लक, पण त्या निमित्तानें माणसें एकमेकांस नांवानें ओळखूं लागलीं. आमच्या मतें ह्या योजनेचें मर्म येथेंच आहे. अफवा अनोळखी माणसाविषयींच खरी वाटते.

तिची परीक्षा डिसेंबर १९९२ मध्यें झाली. ता. ६ रोजीं अयोध्येंतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर त्या महिन्यांत व पुढील जानेवारींत मुंबईंत सुमारें ९०० माणसें मेलीं. मुंबईच्या इतक्या नजीकची, आणि पूर्वीं दोनदां होरपळलेली, भिवंडी मात्र शांत राहिली. मुंबईंतही पुढें मोहल्ला समित्या स्थापन झाल्या.

जुन्या महजरांची येथें सहजच आठवण होते. गोतसभेंत पाटील, कुळकर्णी, काजी, बलुतेदार एकत्र बसत आणि ज्यास सही करतां येत नसे तो नांगरासारखी आपली निशाणी करी. साम्य उघड आहे. तथापि तें फार ताणूं नये. गोतसभा वतनदारांची, आणि ह्या समित्या तर ज्यांस वतन नाहीं, क्वचित् स्वतःचें घरही नाहीं, अशांच्या.

आतां साधनांचा विचार. दंग्यास आयोग मिळाला, साक्षी झाल्या, अहवाल छापला. न झालेल्या दंग्याची चौकशी कोणी नेमीत नाहीं. त्याविषयीं मुख्य आधार म्हणजे खुद्द खोपडे यांचें ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हें पुस्तक. तें मोलाचें खरें, पण कर्त्यानेंच लिहिलेली हकीकत आहे. बखरीस जी कसोटी आपण लावतों तीच ह्यासही लावली पाहिजे. आशुतोष वार्ष्णेय यांनीं इ. स. २००२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत भिवंडीचा विचार केला आहे, हा दुसरा आधार. परंतु माग पुन्हां बंद पडूं नयेत ह्या व्यापारी धास्तीचा वांटा किती आणि समित्यांचा किती, हें ठरविण्यास समकालीन कागदच हवेत. ता. ५ जुलै २००६ रोजीं कबरस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणें बांधण्यावरून भिवंडींत जमाव व पोलीस यांच्यांत जुंपली, गोळीबारांत दोघे मेले आणि दोन शिपायांची हत्या झाली. हा तंटा दोन जमातींमधील नव्हता, पोलिसांशींच होता. समित्यांच्या बैठका तोंपर्यंत कोणत्या मोहल्ल्यांत चालू होत्या व कोठें खंड पडला होता, ह्या एका प्रश्नावर बरेंच अवलंबून आहे.

म्हणून भिवंडी, कल्याण व ठाणें येथील संग्राहकांस आमची विनंती कीं, बैठकींचीं इतिवृत्तें, हजेरीपत्रकें, सभासदांच्या याद्या, तडजोडीचे लेख, बैठकीस बोलावणाऱ्या चिठ्ठ्या, जें हातीं येईल तें मूळ स्वरूपांत मिळवावें. मराठींतील तेवढें घेऊन उर्दू व तेलुगु लेखन वगळूं नये. तारीख व मोहल्ल्याचें नांव कागदाच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें टिपून ठेवावें. रद्दीच्या दुकानांपासून आरंभ केल्यास उत्तम.